मुदतीचा आनंद

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या माणसाला आपले सुख पुढे ढकलण्याची सवय जडते. ती केव्हा जडली हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. प्रथम मुलांच्या शाळा आड येतात, मग पदोन्नतीची वाट पाहणे सुरू होते, मग मुलीचे लग्न. आणि ही सर्व कारणे संपली म्हणजे निवृत्ती इतकी जवळ आलेली असते की आता थोडक्यासाठी घाई कशाला, असे वाटू लागते. पुण्यास किंवा नागपुरास एक जागा घेऊन ठेवलेली असते. वर्षातून आठ-पंधरा दिवस तिचे कुलूप निघते, धूळ झटकली जाते आणि पुन्हा कुलूप लागते. खरे राहणे तेथे व्हायचे असते. दिल्लीत चालला आहे तो केवळ मुक्काम.

मराठीत या अवस्थेला 'बिऱ्हाड' हा फार नेमका शब्द आहे. बिऱ्हाडात चूल पेटते, मुले वाढतात, दुखणीबाणी निघतात, माणसे म्हातारीही होतात. परंतु भिंतीत खिळा ठोकताना हात थबकतो. आम्हां दिल्लीकर मराठी माणसांपैकी कित्येकांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षे अशी बिऱ्हाडात काढली आहेत. मग ते बिऱ्हाड रामकृष्णपुरमच्या सरकारी निवासस्थानात असो की नोएडा-गुरुग्रामच्या उंच इमारतीत.

सुख हे निवृत्तिवेतनासारखे आहे, सेवा पुरी झाली की ते आपोआप सुरू होईल, अशी समजूत या वृत्तीच्या मुळाशी आहे. हा केवळ सोयी-गैरसोयीचा विषय नाही. आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे ज्या गावात जातात त्या गावाशी आणि तेथल्या माणसांशी आपला संबंध कसा असावा, हा नीतीचा प्रश्न त्यात दडलेला आहे. त्याचा विचार आम्ही येथे एका चित्रपटाच्या आधाराने करणार आहोत. तत्त्वचिंतनाला चित्रपटाचा आधार घेणे काही वाचकांना रुचणार नाही. परंतु कीर्तनात पूर्वरंगातला सिद्धांत श्रोत्यांच्या मनात उतरतो तो उत्तररंगातल्या आख्यानाने, हे आपण सर्वच जाणतो.

पूर्वरंगासाठी तैत्तिरीय उपनिषद घेऊ. त्याच्या ब्रह्मानंदवल्लीत आनंदाची एक मीमांसा आहे. सचिवालयात आयुष्य घालवलेल्या माणसाला ती फार ओळखीची वाटेल, कारण तिची मांडणी थेट वेतनश्रेणीसारखी आहे. तरुण, सद्वर्तनी, विद्यासंपन्न आणि सुदृढ असा एक पुरुष कल्पावा. संपत्तीने भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची आहे असे समजावे. त्याचा जो आनंद, ते मानवी आनंदाचे माप. त्याच्या शंभरपट आनंद मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, आणि असे चढत चढत पितर, देवांचे निरनिराळे वर्ग, इंद्र, बृहस्पती, प्रजापती यांच्यावरून शेवटी ब्रह्मानंदापर्यंत. एकूण दहा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला शंभराने गुणाकार. अवर सचिवाने उपसचिवाकडे, उपसचिवाने संचालकाकडे आणि संचालकाने सहसचिवाकडे पाहावे तशीच ही चढण आहे. मात्र ऋषींनी प्रत्येक पायरीवर एकच पुरवणी जोडली आहे: हाच आनंद कामनेने न ग्रासलेल्या विद्वानालाही मिळतो. म्हणजे शिडी न चढताही त्या त्या पायरीचे सुख पदरात पडण्याचा एक मार्ग आहे.

हा मार्ग ऐकून आपण माना डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी ज्येष्ठतेच्या यादीत आपले नाव कितवे आहे ते पाहतो. कारण 'अकामहत' या शब्दाचा अर्थ आपण विरक्त असा करून घेतलेला असतो, आणि विरक्ती आपल्याला झेपणारी नसते. दुसरे असे की परगावी राहणाऱ्या माणसाला एक खोटी विरक्ती आयतीच मिळते. शेजारी कोण राहतो याची चौकशी तो करीत नाही, गावच्या सुखदुःखात पडत नाही, आणि या कोरडेपणालाच तो अलिप्तता म्हणू लागतो. कामना तशीच राहते. तिचा पत्ता मात्र पुण्याचा असतो.

आता उत्तररंग. हृषिकेश मुखर्जी यांचा 'आनंद' १९७१ साली पडद्यावर आला. त्याला अर्धशतक उलटून गेले. रमेश देव २०२२ मध्ये आणि सीमा देव २०२३ मध्ये गेल्या, आणि आनंदची भूमिका करणारे राजेश खन्ना २०१२ मध्येच गेले. राजेश खन्ना हे १९९२ ते १९९६ या काळात नवी दिल्ली मतदारसंघाचे खासदार होते, ही गोष्ट जुन्या दिल्लीकरांना आठवत असेल. कथा सर्वांना ठाऊक आहे. आतड्याच्या कर्करोगाने ग्रासलेला आनंद सैगल नावाचा तरुण मुंबईस येतो. सहा महिन्यांहून अधिक आयुष्य नाही, असा वैद्यकाचा निवाडा आहे. डॉ. भास्कर बॅनर्जी हा तरुण डॉक्टर दारिद्र्य आणि रोग पाहून कडवट झालेला आहे. आनंद त्याच्याच घरी राहू लागतो, त्याला हसायला शिकवतो, रेणूशी त्याचे सूत जुळवून देतो आणि मरतो. पुढे भास्कर त्याच्यावर पुस्तक लिहितो. चित्रपटाची सुरुवातच त्या पुस्तकाला मिळालेल्या पारितोषिकाच्या समारंभाने होते.

दिल्लीतील मराठी वाचकाने या कथेत दोन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली, तिच्यात आपली माणसे किती आहेत. आनंदवर उपचार करणारे डॉ. प्रकाश कुलकर्णी आणि त्यांची पत्नी सुमन यांच्या भूमिका रमेश देव आणि सीमा या पतिपत्नींनीच केल्या. रुग्णालयाची मेट्रन डिसा म्हणजे ललिता पवार, आणि रेणूची आई म्हणजे दुर्गा खोटे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आनंद मुंबईस येतो तो दिल्लीहून. आपण ज्या वाटेने उत्तरेस आलो, त्याच वाटेने तो दक्षिणेस गेला. आपल्यासारखाच तोही अनोळखी शहरात, ठराविक मुदतीसाठी आलेला माणूस आहे. फरक इतकाच की त्याची मुदत आपल्या कोणत्याही प्रतिनियुक्तीपेक्षा आखूड होती आणि तिला मुदतवाढ मिळण्याची शक्यता नव्हती.

या चित्रपटातून सुखाचा धडा काढायचा झाला की लोक त्यातले आयुष्याची लांबी आणि आयुष्याचा मोठेपणा यांत भेद करणारे वाक्य सांगतात. ते वाक्य चांगलेच आहे, पण वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे. आम्हांस त्याहून मोलाचा वाटतो तो आनंदचा एक साधा चाळा. रस्त्यात दिसलेल्या कोणाही अपरिचिताच्या पाठीवर तो थाप मारतो आणि जुना मित्र भेटल्यासारखी 'मुरारीलाल' म्हणून हाक घालतो. बहुतेक माणसे गोंधळतात, काही रागावतात. अखेर ईसाभाई सुरतवाला नावाचा एक गृहस्थ, म्हणजे जॉनी वॉकर, न रागावता त्याला उलट 'जयचंद' म्हणून हाक मारतो, आणि खोट्या ओळखीतून खरी मैत्री उभी राहते.

या चाळ्याचे मर्म नीट पाहावे. आपण परगावी माणसे जोडीत नाही, त्याला आपले समर्थन असे असते की येथे आपण किती दिवस राहणार? तीन वर्षांची नेमणूक, फार तर पाच. ओळख व्हायला एक वर्ष, जमायला दुसरे, आणि तिसऱ्या वर्षी सामान बांधायचे. मग जीव लावून काय उपयोग? आनंदच्या हाती सहा महिने होते. हेच तर्कशास्त्र त्याने स्वीकारले असते तर त्याने कोणाशी बोलण्याचेही कारण नव्हते. त्याने त्याच आकड्यावरून उलटा निष्कर्ष काढला. मुदत थोडी आहे, तेव्हा ओळख होण्यासाठी वाट पाहणे परवडणार नाही; ओळख आधीच आहे असे धरून आरंभ करावा. आपल्या लेखी मुदतीचा अपुरेपणा हे जीव न लावण्याचे कारण ठरते, त्याच्या लेखी तेच जीव लावण्याचे कारण ठरते. सुखाविषयी या चित्रपटाला जे सांगायचे आहे ते सगळे या एका उलटापालटीत आले आहे, असे आमचे मत आहे.

यावर एक आक्षेप सहज सुचेल. ज्याला मरण समोर दिसते त्याला उदार होणे सोपे आहे. आनंदला ना घरभाडे, ना मुलांची फी, ना वार्षिक गोपनीय अहवाल. आपल्याला उद्याची फाईल निकालात काढायची आहे. आपण रस्त्यावर 'मुरारीलाल' म्हणत हिंडावे की काय?

या आक्षेपाला उत्तर द्यावे ते एका कारकुनी पेशाच्या माणसाने, आणि तसा माणूस जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी १९५२ च्या 'इकिरू' या चित्रपटात उभा केला आहे. वातानाबे हा टोकियोच्या नगरपालिकेतील एका विभागाचा प्रमुख. जवळजवळ तीस वर्षे एक दिवसही न चुकता तो कागदांवर शिक्के मारीत आला आहे. एका वस्तीतील स्त्रिया, घाण पाण्याचे डबके बुजवून मुलांसाठी बाग करा, असा अर्ज घेऊन येतात, आणि एक खाते त्यांना दुसऱ्या खात्याकडे, दुसरे तिसऱ्याकडे पाठवीत राहते. ही परिक्रमा आपणांपैकी कोणाला अपरिचित आहे? पोटाच्या कर्करोगाने आपण लवकरच मरणार हे कळल्यावर वातानाबे प्रथम दारूत आणि करमणुकीत सुख शोधून पाहतो. ते सापडत नाही. मग तो आपल्याच टेबलावरचा तो अर्ज काढतो आणि उरलेले महिने ती बाग करवून घेण्यात घालवतो. नोकरी सोडून त्याला कोठे जावे लागले नाही. त्याचे सुख त्याच्या खात्यातच पडून होते.

परंतु कुरोसावा यांनी कथा तेथे संपवलेली नाही. वातानाबेच्या मृत्यूनंतर त्याचे सहकारी जमतात, बागेचे श्रेय कोणाचे यावर वाद घालतात, मद्याच्या भरात रडतात आणि आजपासून आपणही असेच वागू म्हणून शपथा घेतात. पुढे कचेरीत एक नवा अर्ज येतो आणि तो पूर्वीसारखाच दुसऱ्या खात्याकडे पाठवला जातो. मरणाच्या नुसत्या विचाराने माणूस सुधारत असता तर प्रत्येक अंत्ययात्रेहून शहाण्यांची झुंड परतली असती. तेव्हा आनंद आणि वातानाबे यांच्यापासून घ्यायचे ते मरणाचे स्मरण नव्हे. ते स्मशानवैराग्याइतकेच टिकते. घ्यायची ती कृती: हाताशी आलेला माणूस, टेबलावर आलेला अर्ज, आज.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो स्वतः चित्रपटाच्या कथेतूनच उभा राहतो. दिल्लीत आनंदचे एका मुलीवर प्रेम होते. आपल्या आजारामुळे त्याने तिच्याशी विवाह केला नाही. तिचे लग्न दुसऱ्याशी झाले, आणि त्याच दिवशी तो मुंबईस आला. पुस्तकात जपलेले एक फूल तेवढे त्याच्याजवळ उरले. आपल्या मरणाची सावली तिच्यावर पडू नये म्हणून तो दूर झाला, हे आपल्याला उदात्त वाटते. परंतु मग मुंबईत त्याने काय केले? भास्कर, रेणू, कुलकर्णी पतिपत्नी, मेट्रन डिसा, ईसाभाई या सर्वांना त्याने असा जीव लावला की त्याच्या जाण्याने ते सगळेच पोरके झाले. एकीला दुःखापासून वाचवायचे आणि अनेकांना दुःखात लोटायचे, यात न्याय कोणता? आपण जाणार हे ठाऊक असताना दुसऱ्याला आपली सवय लावणे हा एक प्रकारचा अपराधच नव्हे काय? बदलीच्या नोकरीतील बापाला हा प्रश्न आपल्या मुलांच्या तोंडावर लिहिलेला दिसतो, जेव्हा ती शाळेतल्या मित्रांचा निरोप घेऊन मालमोटारीजवळ मुकाट्याने उभी राहतात.

आमच्या मते आनंदचे हे दोन निर्णय परस्परविरोधी आहेत, आणि दोहोंपैकी दुसरा योग्य आहे. दिल्लीत त्याने प्रेमाच्या माणसाच्या वतीने ठरवून टाकले की तिला दुःख सोसवणार नाही. असे ठरवण्याचा अधिकार कोणालाही नसतो. मुंबईत त्याने ही दक्षता सोडली. आपल्या रोगाचे नाव त्याने भास्करपासून लपवले नाही. जे त्याच्याजवळ आले ते सगळे जाणून आले आणि तरीही राहिले. त्याच्यामागे दुःख उरले हे खरे. पण भास्करच्या वाट्याला काय आले ते पाहा. पूर्वी त्याच्याजवळ नुसता संताप होता; त्या संतापाने ना त्याचा रुग्ण बरा होत होता, ना त्याचे स्वतःचे आयुष्य फुलत होते. आनंदच्या मृत्यूने त्याला जे दुःख दिले त्याने त्याला लिहिते केले आणि प्रेमास पात्र केले. वियोगाचे दुःख हे जिव्हाळ्याची किंमत आहे. ती चुकवायची नाही म्हणून जिव्हाळाच टाळणारा माणूस काटकसर करीत नाही, तो उपाशी राहतो. मित्रांचा निरोप घेताना रडणाऱ्या मुलाची काळजी करू नये. निरोप घेण्याजोगे ज्याला कोणीच नाही, अशा मुलाची करावी.

चित्रपटातील माणसे कल्पित असतात, म्हणून आता प्रत्यक्षातले उदाहरण घेऊ, आणि तेही मरणाची मुदत डोक्यावर नसलेल्या माणसाचे. चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावचे. सनदी नोकरीत त्यांचे आयुष्य गेले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये केंद्राचे अर्थमंत्री झाले. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये त्या पदाचा राजीनामा दिला, हे मराठी माणूस अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यानंतरचे आपण क्वचितच सांगतो. दिल्लीशी मतभेद झाला म्हणून त्यांनी दिल्ली सोडली नाही. विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, पुढे १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि लोदी उद्यानाच्या कडेला १९६२ मध्ये उघडलेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. निरनिराळ्या देशांतल्या आणि प्रांतांतल्या माणसांनी एकमेकांना भेटावे, बोलावे, यासाठीच ती वास्तू आहे. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हैदराबादेस काढली आणि १९८२ मध्ये तेथेच ते निवर्तले. दिल्ली हेही त्यांचे एका अर्थाने बिऱ्हाडच ठरले. परंतु त्या बिऱ्हाडात त्यांनी जे उभे केले ते अद्याप उभे आहे. मेघदूताचा मराठी अनुवाद करणाऱ्या या माणसाला दूर असणे म्हणजे काय ते ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? मातृभूमीची ओढ आणि राहत्या गावाची निष्ठा एका मनात सुखाने नांदू शकतात, याचा हा पुरावा आहे.

देशमुखांची उंची आपल्याला नाही म्हणून हा विषय सोडून देण्याचेही कारण नाही. २०१८ च्या जूनमध्ये सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर या जुन्या सरकारी वसाहती पाडून नव्या बांधण्यासाठी तेथली हजारो झाडे तोडण्याचा बेत लोकांना कळला. नागरिक झाडांना मिठी मारून उभे राहिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती तोड तूर्त थांबवली. त्या वसाहतींत मालकीचे घर कोणाचेच नव्हते. प्रत्येक कुटुंब चार-सहा वर्षांनी किंवा निवृत्तीबरोबर किल्ल्या परत करून गेले. तरीही अंगणातला एखादा कडुनिंब, एखादा शेवगा किंवा आंबा अशाच कोणा जाणाऱ्या माणसाने लावलेला असणार. ज्याच्या फळाशी आपला संबंध येणार नाही ते झाड लावणारा तो कारकून उपनिषदातल्या 'अकामहत' या शब्दाचा अर्थ आपल्यापेक्षा अधिक जाणत होता. त्याला झाड हवे होते. झाडाची मालकी नको होती.

पूर्वरंगातल्या त्या शब्दाकडे आपण पुन्हा आलो आहोत, तेव्हा त्याचा निवाडा करू. कामनेने न ग्रासलेला म्हणजे प्रेमाला पारखा झालेला, असा अर्थ आम्ही घेत नाही. आनंदला माणसांची केवढी हाव होती! मात्र कोणालाही धरून ठेवण्याची हाव त्याला नव्हती. माणूस हवासा वाटणे आणि माणूस आपल्याकडेच राहावा असे वाटणे, या दोहोंतले अंतर त्याला कळले होते. सहा महिन्यांच्या मुदतीने ते त्याला कळवले होते. ते कळण्यासाठी आजारच व्हावा लागतो असे नाही. बदलीचा हुकूम ज्याच्या आयुष्यात पाचदा आला आहे, त्या सरकारी माणसाला हे शिक्षण फुकट मिळालेले असते. आपल्या नोकरीचा हा एक मोठा लाभ आहे, आणि तो आपण तक्रारीच्या रकान्यात मांडीत आलो आहोत.

एक शेवटची गोष्ट आपल्या मंडळींना सांगितली पाहिजे. आपण दिल्लीत माणसे जोडतो, नाही असे नाही. गणेशोत्सव होतात, नाटके होतात, महाराष्ट्र सदनात एकमेकांची ख्यालीखुशाली विचारली जाते. यात गोडी आहे आणि आपली भाषा यामुळेच येथे टिकून आहे. परंतु आनंदच्या भोवती कोण होते ते आठवा: बंगाली डॉक्टर, मराठी दांपत्य, ख्रिस्ती मेट्रन, सुरतेकडचा मुसलमान. दिल्लीहून गेलेल्या पंजाबी माणसाने मुंबईत पंजाब्यांचा शोध घेतला नाही. आपल्या जिन्यावर समोरच्या दारी जो तमिळ हिशेबनीस किंवा बिहारी अभियंता राहतो, त्याचेही कुठे तरी कुलूप लावलेले घर आहे आणि तोही निवृत्तीची वाट पाहत आहे. दोन्ही दारे बंद ठेवून दोघेही एकाच मुदतीत म्हातारे होत आहेत. त्याचे नाव पाटीवर आहेच. या रविवारी ते वाचून त्या नावाने हाक मारायला हरकत नाही.